चिखलातली धाव आणि अंगातली ऊब

डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पुणे जिल्ह्यात अवकाळी पाऊस लागून राहिला. अरबी समुद्रावर कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. ढगांनी सूर्य झाकलेला, वारा बोचरा. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या बाजूला आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात मेंढपाळांचे वाडे उघड्या रानात उतरलेले होते. आडोसा नाही, पायाखाली राड, अंगावरची लोकर भिजून जड झालेली. त्या पावसात एक हजाराहून अधिक मेंढ्या दगावल्या. कित्येक कुटुंबांचं सगळं भांडवल एका रात्रीत गेलं.

पारा तेव्हा गोठणबिंदूच्या जवळपासही नव्हता. पुण्यानं याहून कितीतरी कडक थंडी पाहिली आहे. १७ जानेवारी १९३५ ला इथं १.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं होतं. दख्खनी मेंढी दर हिवाळ्यात उघड्यावर रात्री काढते आणि सकाळी चरायला निघते. त्या दोन दिवसांत वेगळं घडलं ते असं, की भिजलेलं अंग, वारा आणि एका जागी उभं राहणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. थंडीतल्या चिखलवाटेवर धावणाऱ्या माणसापुढेही याच तीन गोष्टी उभ्या राहतात, म्हणून धावण्याच्या प्रकरणाची सुरुवात मेंढ्यांपासून केली.

पुण्यात थंडी म्हणजे शर्यतींचा हंगाम. १९८३ पासून होणारी पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन डिसेंबरातली, पण ती डांबरी रस्त्यावरची. अलीकडच्या वर्षांत रस्त्याला कंटाळलेले धावपटू डोंगराकडे वळले आणि वेस्टर्न घाट्स रनिंग फाउंडेशनची सिंहगड-राजगड-तोरणा ही शर्यत नावारूपाला आली. धावणारे तिला नुसतं ‘एसआरटी’ म्हणतात. ११, २५, ५३ आणि १०० किलोमीटर असे तिचे गट. तीन गड जोडणारी ही डोंगरवाट पुण्याच्या भटक्यांना पिढ्यान् पिढ्या पाठ आहे. सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून उतरायचं, विंझरच्या अंगानं गुंजवणीच्या खोऱ्यात यायचं, गुंजवण्यातून राजगड चढायचा, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडून धारेनं तोरण्याची बुधला माची गाठायची आणि शेवटी वेल्ह्यात उतरायचं. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर, तोरणा सुमारे १,४०० मीटर. मध्ये खोरं दोनदा नाही तरी एकदा पूर्ण उतरावंच लागतं, आणि जेवढं उतरलं तेवढं पुन्हा चढावं लागतं.

डिसेंबरात ही वाट बहुधा कोरडी असते. गवत पिवळं, वाटेवर मुरमाचा घसारा, बुटात धूळ. पण बहुधा म्हणजे दर वर्षी नव्हे. २०२१ चा डिसेंबर झाला, २०२३ च्या नोव्हेंबराच्या शेवटी गारांसह पाऊस झाला. समुद्रावर पट्टा तयार झाला किंवा उत्तरेकडच्या पश्चिमी झंझावाताची शेपटी इथवर आली, की दोन दिवसांत घसाऱ्याचा चिखल होतो. शर्यतीची तारीख महिनोन् महिने आधी ठरलेली असते, आणि पावसाला तिच्याशी काही देणंघेणं नसतं.

या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. चिखल आणि गारठा यांचा विचार लोक वेगवेगळा करतात: चिखलासाठी बूट, गारठ्यासाठी जाकीट. माझ्या मते ही एकच अडचण आहे. चिखल वेग काढून घेतो, आणि धावणाऱ्याची ऊब वेगातूनच येते. हे नीट कळण्यासाठी आधी पायाखालची माती समजून घ्यावी लागेल.

पुण्याभोवतीचा सगळा डोंगर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्हाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. हा काळा कातळ उन्हापावसानं कुजतो, त्याचा आधी मुरूम होतो, मग माती. बेसॉल्टमधल्या खनिजांपासून जी चिकणमाती बनते तिच्यात स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात. त्यांचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. माती फुगते, मऊ होते, पापुद्रे एकमेकांवरून सरकू लागतात. उन्हाळ्यात याच काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात त्याच भेगा मिटतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कोकणातला जांभा किंवा नदीकाठची वाळू पाणी खाली जाऊ देते. आपली काळी माती ते धरून ठेवते.

खोऱ्यात ही माती जाड असते, डोंगरावर पातळ. पातळ असणं अधिक धोक्याचं. सिंहगडाच्या किंवा तोरण्याच्या उतारावर चार बोटं माती आणि खाली सलग कातळ असतो. कातळात पाणी मुरत नाही. ते माती आणि कातळ यांच्या मधे साचतं, आणि पाऊल पडताच वरचा थर पावलासकट घसरतो. पावसाळ्यानंतर वाळून कातळाला चिकटलेलं शेवाळ दोन सरी पडल्या की पुन्हा बुळबुळीत होतं. आणि पावसाची पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांत वाईट, कारण महिनाभराची धूळ तेव्हा नुकती ओली झालेली असते, वाहून गेलेली नसते.

चिखल सगळा एक नसतो. स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ अल्बर्ट ॲटरबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे मोजमापात बसवलं. त्यांनी दाखवलं की चिकणमातीत पाणी वाढत जातं तशा तिच्या अवस्था बदलतात. आधी ती ठिसूळ असते, मग मळता येईल अशी, आणि एका मर्यादेनंतर द्रवासारखी वाहणारी. आज कुठल्याही धरणाच्या किंवा रस्त्याच्या पायाभरणीत मातीची ही चाचणी होते. धावणाऱ्याला त्यातून निघणारी गोष्ट फार उपयोगाची आहे. मधल्या अवस्थेतली, मळता येणारी माती सगळ्यांत जास्त चिकटते. वाटेच्या मधोमध पाणी साचलेलं असेल तर तिथला चिखल पातळ असतो आणि बुटाला फारसा धरत नाही. कडेचा, जरासा सुकत आलेला चिखल बुटावर थर चढवतो. नवखा माणूस डबकं चुकवायला कडेनं जातो आणि चार पावलांत दोन्ही बुटांना गोळे लावून घेतो. तळ दिसत असेल, खोली माहीत असेल, तर डबक्यातून सरळ जावं. त्यात वाटेचंही भलं आहे. शेकडो लोक कडेनं गेले की वाट रुंद होते, कडेचं गवत मरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथली माती वाहून जाते. वेताळ टेकडीवर फिरणाऱ्या कुणालाही हे रुंदावत गेलेले पट्टे दिसतील.

आता त्या गोळ्यांचा हिशेब करू. बुटाचं वजन दर पायामागे १०० ग्रॅमनं वाढलं की धावण्याला लागणारी ऊर्जा सुमारे एक टक्क्यानं वाढते, असं प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. चिकणमातीचा चांगला थर बसला की एका बुटावर ४०० ग्रॅम सहज येतात. म्हणजे केवळ उचलण्याचे चार टक्के. पण खरा खर्च तो नाही. कठीण रस्त्यावर पाऊल टेकलं की पोटरीमागचा स्नायूबंध ताणला जातो आणि उसळताना त्यातली बरीच शक्ती परत देतो. मऊ जमीन ही शक्ती गिळून टाकते. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली वाळूवर धावणाऱ्यांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. कठीण जमिनीपेक्षा वाळूवर धावायला सुमारे १.६ पट ऊर्जा लागत होती. चिखलाचा आकडा त्याच्या पातळपणावर अवलंबून राहील, पण कारण तेच आहे, आणि वर घसरणं वेगळं.

म्हणून चिखलात कोणीही आपल्या नेहमीच्या वेगानं धावू शकत नाही. रस्त्यावर किलोमीटरला सहा मिनिटं घेणारा माणूस डोंगरावरच्या ओल्या चढावर किलोमीटरला पंधरा-वीस मिनिटं घेतो. तो दमलेला असतो, धाप लागलेली असते, पण अंतर कापलं जात नाही. इथे गारठ्याचं काम सुरू होतं.

धावणारं शरीर म्हणजे पेटती शेगडी. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा हालचालीत जातो, बाकीची उष्णता होते. साठ किलोचा माणूस ताशी दहा किलोमीटरनं धावत असेल तर तो तासाला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च करतो, म्हणजे ७०० वॉटच्या आसपास. शांत बसलेला असताना हाच आकडा शंभरच्या खाली असतो. धावताना पाच-सात अंशातही पातळ सदऱ्यावर घाम फुटतो तो यामुळे. पण पाय दमले, वाट निसरडी झाली, माणूस चालू लागला, की ही शेगडी निम्म्यावर येते. उतारावर बसून-टेकत उतरावं लागलं की आणखी खाली. बाहेरची थंडी मात्र कमी झालेली नसते, आणि कपडे ओले असतात.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. शिवाय ओलं कापड वाळतं तेव्हा बाष्पीभवनासाठी उष्णता लागते. एक लिटर पाणी उडून जायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. सुती सदरा, मोजे, चड्डी यांत मिळून अर्धा लिटर पाणी सहज राहतं. ते वाऱ्यावर वाळतं तेव्हा त्यासाठी लागणारी उष्णता बरीचशी अंगातूनच जाते, म्हणजे जवळजवळ अर्ध्या तासाच्या धावण्याची कमाई नुसती कपडे वाळवण्यात. चालणारा, थकलेला माणूस ही तूट भरून काढू शकत नाही.

शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ३५ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी हुडहुडी भरते. ती चांगली खूण आहे, कारण स्नायू थरथरून उष्णता तयार करत असतात. मग बोटं बधीर होतात, जाकिटाची चेन लागत नाही, बोलणं जड होतं, माणूस हट्टी होतो, चिडतो. हुडहुडी थांबली आणि माणूस मात्र अजून गारठलेलाच आहे, तर तो बरा झालेला नाही. तापमान ३२ च्या आसपास आलं की शरीर थरथरायचंही सोडून देतं. तिथून पुढे त्याला स्वतःला काही ठरवता येत नाही. सोबतच्यानंच ठरवायचं असतं.

हे सगळं पुण्याच्या मानानं फार भयंकर वाटेल. म्हणून २२ मे २०२१ ची गोष्ट सांगायला हवी. चीनच्या कान्सू प्रांतात, बाइयिन शहराजवळच्या पीत नदीच्या खडकाळ प्रदेशात १०० किलोमीटरची डोंगरशर्यत होती. १७२ जण धावत होते. महिना मे, सकाळी ऊन. अनेकांनी चड्डी आणि पातळ सदरा घातला होता, आणि वारा अडवणारं जाकीट जवळ ठेवण्याची सक्ती नव्हती. दुपारी उंच चढावर असताना गारा, गोठता पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. चढ असा की वेग नाही, वाट अशी की गाडी येत नाही. २१ धावपटू मेले. त्यांत चीनमधले नामांकित धावपटूही होते, म्हणजे दमसास त्यांना वाचवू शकला नाही. वाचले त्यांतल्या सहा जणांना एका मेंढपाळानं आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन शेकोटीशी बसवलं होतं.

पुण्याच्या डिसेंबरात गोठता पाऊस नसतो, हे खरं. पण दहा-बारा अंशांचा पाऊस, धारेवरचा वारा आणि चार तासांचा चिखल एवढं पुरेसं आहे. संजीवनी माची ते बुधला माची ही धार दोन्ही बाजूंनी उघडी आहे. तिच्यावर आडोशाला बसायला जागा नाही.

इथे पुण्याच्या हवेचा एक विशेष सांगितला पाहिजे, कारण त्यात भलेभले फसतात. उंचावर गेलं की थंडी वाढते, दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी, हे शाळेत शिकवलेलं असतं. पण डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र, शांत रात्री पुण्यात याच्या उलट घडतं. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला लागलेली हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून ओघळत खोऱ्यांत साचते. पहाटे खडकवासल्याच्या बाजूला, पाषाणच्या सखल भागात हुडहुडी भरते आणि टेकडीवर चढून गेलं की हवा जरा उबदार लागते. पुण्याच्या वेधशाळेला लोक अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथं आलं. तिथल्या नोंदी आणि शहराच्या कडेच्या केंद्रांच्या नोंदी यांत हिवाळ्यात काही अंशांचा फरक नेहमी दिसतो तो याच कारणानं. ढग आले, पाऊस आला, की मात्र हा खेळ मोडतो आणि शाळेतला नियम लागू होतो. पायथ्याशी सुसह्य वाटणारी हवा गडावर चार-पाच अंशांनी उतरलेली असते, वर वारा. निरभ्र पहाटे सराव करून ‘वर तर ऊबच असते’ असा अनुभव गाठीशी बांधलेला माणूस पावसाच्या दिवशी त्याच अनुभवावर विसंबतो. अंदाजात ढग आणि वारा पाहा, नुसता किमान तापमानाचा आकडा पाहू नका.

मग घालायचं काय? सुती कपडा अंगाला लागू देऊ नये. तो पाणी धरतो आणि ओला झाला की ऊब राखत नाही. कृत्रिम धाग्याचा अंगालगतचा सदरा पाणी कमी धरतो, लवकर वाळतो. लोकर या दोन्हींहून वेगळी. ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा धाग्याच्या आत सामावते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. घाटमाथ्यावरचे गुराखी आषाढातल्या पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन गुरांमागे दिवसभर फिरतात, ते उगीच नव्हे. घोंगडी घेऊन धावता येणार नाही, पण पातळ लोकरीचा सदरा किंवा मोजे आज मिळतात आणि ओल्या थंडीत त्यांच्यावर खर्च केलेले पैसे मला सगळ्यांत सत्कारणी लागलेले वाटतात. त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. ते पाठीवरच्या पिशवीत तळाशी नसावं, हात मागे नेला की मिळावं. आणि हुडहुडी भरायच्या आधी घालावं: चढ संपून धार लागायच्या अलीकडे, गाठोड्यातून खायला थांबायच्या आधी. बोटं बधीर झाल्यावर चेन लावता येत नाही. युरोपातल्या मों-ब्लांभोवतीच्या प्रसिद्ध शर्यतीत जलरोधक जाकीट, तगून राहण्यासाठीचं चकचकीत पांघरूण, डोक्याचा दिवा आणि शिट्टी यांशिवाय कुणाला सुटूच देत नाहीत. आपल्याकडच्या आयोजकांनी ऊन पाहून या यादीत सूट देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. कान्सूमध्ये सकाळी ऊनच होतं.

बुटांबद्दल फार लांबण लावत नाही. तळाचे खुंट पाच-सहा मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून दूर असावेत, म्हणजे मधे अडकलेला चिखल पाऊल उचलताना सुटतो. ओल्या कातळावर मात्र खुंटांपेक्षा रबराचा मऊपणा महत्त्वाचा. सह्याद्रीत फिरणारी अनुभवी मंडळी वर्षानुवर्षं ॲक्शन ट्रेकिंगचे स्वस्तातले बूट घालतात ते त्या रबरासाठी. पाणी आत येऊ न देणारा बूट चिखलाच्या शर्यतीत निरुपयोगी. वरून आत गेलेलं पाणी मग बाहेरही जात नाही.

पावलाचं तंत्र शिकायचं तर गुंजवणीच्या खोऱ्यात भातलावणी पाहावी. भाताला चिखल हवा म्हणून शेतकरी चिखलणी करतो, मातीचे कण मोडतो, आणि वर्षानुवर्षांच्या चिखलणीनं वीतभर खाली एक घट्ट थर तयार होतो. खाचरात पाऊल रुततं ते त्या थरापर्यंत, पुढे नाही. हे ठाऊक असलेला माणूस निर्धास्त पाऊल टाकतो. रुतलेलं पाऊल तो सरळ वर उपटत नाही, टाच जरा फिरवतो, कडेनं हवा आत जाऊ देतो आणि मग उचलतो. सरळ उपटलं तर खाली पोकळी होऊन चिखल बूटच ओढून घेतो. डिसेंबरात भात कापून झालेला असतो, खाचरांत धसकटं असतात, पण अवकाळी पाऊस झाला की तीच खाचरं पुन्हा मऊ होतात आणि वाट त्यांच्या बांधांवरून जाते. बांध हा शेतकऱ्याचा जीव. ओल्या बांधाच्या कडेवर पाय देऊन तो ढासळवण्यापेक्षा एका ओळीत, सावकाश जावं.

उतारावर टाचेवर रेलून मागे झुकणं ही सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया. त्यानं वजन पावलाच्या मागे जातं आणि पाय पुढे निसटतो. गुडघे वाकवून, अंग उताराला काटकोनात ठेवून, लहान लहान पावलं टाकावीत. लांब पाऊल पडलं की घसरल्यावर सावरायला दुसरा पाय वेळेत पोचत नाही. हात मोकळे आणि पसरलेले. कारवीचं खोड आधाराला धरता येतं, वाळकं गवत धरू नये. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आवळावे लागतात, त्यात त्यांचे बारीक तंतू तुटतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही तो त्यामुळे. सिंहगडाचा उतार वेगात मारून नेणारा माणूस राजगडाच्या चढावर चालू लागतो, आणि चालू लागला की पुन्हा तोच गारठ्याचा हिशेब.

खाण्याचं तेवढ्यासाठीच महत्त्व. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन साधारण १,६०० ते २,००० किलोकॅलरींचं. सपाटीवर माणूस दर किलोमीटरला वजनाच्या किलोमागे एक किलोकॅलरी खर्च करतो. साठ किलोच्या माणसाला ५३ किलोमीटरांना तीन हजारांहून जास्त लागतील, चढ आणि चिखल वेगळे. थरथरायलाही ग्लायकोजेनच लागतं. रिकाम्या पोटी माणूस गारठतो तेव्हा त्याच्याकडे थरथरायचंही बळ उरत नाही. थंडीत तहान लागत नाही आणि भूक जाणवत नाही, म्हणून घड्याळ लावून खावं. गूळ-शेंगदाण्याचा लाडू, खजूर, चिक्की हे थंडीतही दातांनी तुटतं आणि बधीर बोटांनी धरता येतं. वेष्टन फाडावं लागणाऱ्या पुड्या मी घरूनच अर्ध्या फाडून नेतो.

मराठी मुलखात ओल्या वाटेवर लांब पल्ला धावण्याची परंपरा शर्यतींच्या फार आधीची आहे. जुलै १६६० मध्ये, ऐन आषाढात, शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्याहून निघाले आणि सुमारे सहाशे मावळे रात्रीच्या पावसात विशाळगडाकडे पळत सुटले. पालखीचे भोई खांदे बदलत होते. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांनी जे केलं ते सर्वांना माहीत आहे, पण त्याआधी ती माणसं रात्रभर चिखलातून धावून आली होती, आणि मग उभी राहून लढली. शरीरशास्त्राच्या अंगानं पाहिलं की त्या लढाईचं मोल मला आणखी वाढलेलं वाटतं.

आधुनिक मॅरेथॉनशी पुण्याचा संबंधही जुना आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ मध्ये मैदानी स्पर्धा झाल्या. सर दोराबजी टाटा तिथे अध्यक्ष होते. शेतकरी घरांतली मुलं अनवाणी धावत होती, आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवायचं ठरलं. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या मॅरेथॉनमध्ये धावले. अंतर आजच्यापेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं आणि हवा थंड, ओलसर. त्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत शर्यत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. दुसरे मराठी धावपटू सदाशिव दातार यांना ती पुरी करता आली नाही. दख्खनच्या उन्हात तयार झालेल्या माणसानं परक्या गारठ्यात ती वेळ द्यावी, याचं महत्त्व आपल्या क्रीडा-इतिहासात पुरेसं सांगितलं गेलेलं नाही.

चौगुल्यांना अँटवर्पची हवा पुण्यात मिळणं शक्य नव्हतं. आजच्या धावणाऱ्याला तशी हवा आणि तसा चिखल एकाच दिवशी सरावाला मिळत नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळे गाठावे लागतात. चिखल जुलै-ऑगस्टात. वेताळ टेकडी, तळजाई, बोपदेव घाटाच्या बाजूच्या टेकड्या. कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची माळ, जी पुणेकर पौर्णिमेच्या रात्री करतात, ती पावसात दिवसा करावी, सोबतीनं. गारठा डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नदीकाठी किंवा धरणाच्या बाजूला. तिथे एकदा मुद्दाम ओला सदरा घालून, घराजवळच, पंधरा मिनिटं नुसतं चालून पाहावं. आपली हुडहुडी कधी सुरू होते, बोटं कधी आखडतात, हे घराजवळ कळलेलं बरं. आणि जाकीट त्या ओल्या अंगावर, हातमोज्यांसकट घालून बघावं.

शर्यतीच्या दिवशी गुंजवण्यासारख्या पायथ्याच्या गावात पोचल्यावर स्वतःला विचारायचे प्रश्न थोडे आहेत. चेन लावता येते का? सोबत्याशी नीट बोलता येतं का? पुढच्या चढावर घामेजण्याइतकं जोरात जाता येईल का, की नुसतं रेटत जावं लागेल? नुसतं रेटत जावं लागणार असेल, पाऊस चालू असेल आणि दिवस कलत असेल, तर शर्यत तिथेच सोडावी. राजगड चढून धारेवर गेल्यावर सोडायची म्हटलं तरी सोडता येत नाही. तिथून खाली यायलाही तेवढाच वेळ आणि तेवढीच ऊब लागते. गावात गाडी आहे, छप्पर आहे, चूल आहे.

जे वेल्ह्यापर्यंत पोचतात त्यांचा धोकाही तिथे संपत नाही. धावणं थांबलं की उष्णता तयार होणं थांबतं, पण गार हातापायांमधून रक्त फिरतच असतं आणि आतलं तापमान आणखी थोडा वेळ उतरत राहतं. शेवटच्या रेषेपाशी फोटोसाठी ओल्या कपड्यांत उभ्या असलेल्या माणसाला दहा मिनिटांत हुडहुडी भरते ती म्हणूनच. आधी ओले कपडे पूर्ण उतरवायचे, मोज्यांसकट. कोरडी टोपी, कोरडा सदरा, पांघरूण. मग गोड चहा आणि काहीतरी खाणं. पदक गळ्यात घालायला त्यानंतर पुष्कळ वेळ असतो.